फलकाखालचा हरभरा

स्वतःच्याच रानात शिरताना मान खाली घालावी लागते, असं फार थोड्यांच्या नशिबी येतं. नंबरदादाच्या आलं होतं. रस्त्यावरून रानात वळलं की आधी एक पत्र्याचा फलक लागायचा आणि त्यावर तो स्वतःच उभा असायचा. दोन्ही हातांत गव्हाच्या ओंब्या, आणि तोंडावर फोटोवाल्याने ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत ओढून काढलेलं हसू. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘विक्रमी उत्पादन’. ऊन-पावसाने शर्टाचा रंग उडाला, ओंब्या पांढऱ्या पडल्या, दात मात्र होते तसेच राहिले. सकाळी फावडं खांद्यावर घेऊन तो त्या दातांच्या खालून जायचा, तेव्हा वर बघायचा नाही.

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं. गाव त्याला नंबरदादा म्हणायचं, कारण पिकात त्याचा पहिला नंबर आला होता. बायको रागावली की म्हणायची, “या, पहिला नंबर, जेवायला या.”

हे सगळं झालं ते एका खुंटीमुळे. त्या वर्षी सरकारी कचेरीतून शेतीखात्याचा एक नवा साहेब पीक मोजायला आला होता. मोजायची रीत अशी, की रानात चार खुंट्या ठोकायच्या, दोरी बांधून चौकोन करायचा, तेवढंच पीक कापायचं, झोडपायचं, तोलायचं आणि त्यावरून साऱ्या रानाचा अंदाज बांधायचा. खुंट्या कुठे ठोकायच्या हे चिठ्ठीवरच्या आकड्यांवरून ठरतं, म्हणजे कुणाला आपल्या सोयीचं पीक निवडता येऊ नये. रीत चांगलीच आहे. फक्त त्या वर्षी आकड्यांनी नेमका रस्त्याकडचा कोपरा निवडला.

त्या कोपऱ्यात आजोबांच्या आधीपासून गुरांचा गोठा होता. गुरं गेली, बापाने गोठा पाडला, जमीन नांगरून रानात घेतली. पिढ्यान् पिढ्यांचं शेण-मूत मुरलेली ती माती. तिथे काठी रोवली असती तरी तिला पालवी फुटली असती. गव्हाला तर काय, दिवाळं निघालेल्या माणसाला खजिना सापडावा तसं झालं. साहेबाने वजन पाहिलं, काटा तपासला, पुन्हा तोललं. मग त्याने नंबरदादाला मिठीच मारली. पोरगेलासा साहेब, पहिलीच नेमणूक. देशात धान्य कमी, परदेशातून जहाजं भरून गहू आणायची वेळ आलेली, आणि याच्या हाती हे घबाड लागलं. वर कळवल्यावाचून राहवतंय कशाला!

वर गेलेला आकडा खाली येत नाही. तो वरच्या साहेबाकडे गेला, तिथून आणखी वर गेला, कुणाच्या तरी भाषणात बसला. त्याच वाणाचं बी साऱ्या भागात वाटलं गेलं. फलक लागला. पुढच्या वर्षी साहेब चिठ्ठी न काढताच थेट कोपऱ्यात गेला आणि खुंट्या ठोकू लागला.

“साहेब, यंदा मधल्या रानात घ्या की,” नंबरदादा म्हणाला.

“दादा, वरून विचारतील, मागच्या वर्षी एवढं आणि यंदा निम्मं का? काय सांगू मी? तुम्हीच सांगा.” साहेबाचा आवाज रडवेला झाला होता. त्याच्याही घरी म्हातारे आईबाप होते, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. नंबरदादाने खुंटीवर हातोडी मारायला मदत केली. तेव्हापासून दर वर्षी तो ती करत आला.

म्हणजे त्याने कधी सांगितलंच नाही, असं नाही. एकदा मोठा सत्कार होता. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. त्याला बोलायला उभं केलं तेव्हा त्याने छातीत हवा भरून घेतली आणि सांगून टाकलं, “यात माझं काही नाही हो. तिथे आमचा गोठा होता.” मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे ध्वनिक्षेपकाकडे झेपावले आणि म्हणाले, “बघा, केवढा हा विनय! एवढा पराक्रम करून श्रेय कुणाला देतात, तर गुरांना!” लोक उठून उभे राहिले. नंबरदादा खाली बसला. खोटं कशाला सांगा, त्या टाळ्या त्याला गोडही लागल्या. पण रात्री बायकोला म्हणाला, “पाण्यात बुडणारा ओरडतोय आणि काठावरचे म्हणतायत, काय गळा आहे!”

कुणी म्हणेल, बाकीचं रान लोकांना दिसत नव्हतं का? रान लांबट होतं, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत निमुळतं होत गेलेलं. आत कोण जातो? पोती मोजायला कुणी येत नाही, फलक वाचायला सगळे येतात. गावाने तेच बी पेरलं, तेच खत टाकलं आणि पीक आलं नेहमीसारखंच. बरं आलं, पण फलकाच्या निम्मं आलं. मग गावाने साधा हिशोब केला. बी तेच, आभाळ तेच, तेव्हा खोट आपल्यातच. चांगले कसलेले शेतकरी स्वतःला नालायक समजू लागले. पेरणीच्या दिवशी लोक त्याला हाताला धरून न्यायचे आणि म्हणायचे, “पहिली मूठ तुझी पडू दे, दादा.” तो मूठ टाकायचा आणि घरी येऊन साबणाने हात धूत बसायचा.

या सगळ्यात भाजून निघाला तो धाकटा, त्याचा सख्खा भाऊ. वाटणीत ओढ्यापलीकडचं रान त्याला आलं होतं. माती वाईट नव्हती, मेहनतीला तर तो दादापेक्षा काकणभर सरसच. पण रोज आपल्या रानात जाताना त्याला त्या फलकाखालून जावं लागे. आत दादाचं साधंच पीक दिसे, पण फलक वाचून आलेल्या डोळ्यांना तेही भारी वाटे. त्याची बायको माहेरी गेली की आधी जावेची चौकशी होई, मग तिची. एका संध्याकाळी दोघे भाऊ ओट्यावर चहा पीत बसले असता धाकटा म्हणाला, “दादा, हे शेवटचं पीक. शहरातल्या धान्याच्या गोदामात माणसं घेतायत. यंदाही माझ्या रानात दिसण्यासारखं काही आलं नाही, तर मी पोती उचलायला जाणार.”

“वेडा आहेस का? तुझं गेल्या वर्षीचं पीक काय वाईट होतं?”

“तुझ्या निम्मं होतं,” धाकटा म्हणाला आणि कप विसळायला उठला.

आईबाप गेल्यावर नंबरदादानेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. रोजच्या या चहावाचून त्याची संध्याकाळ सरत नसे.

त्याच आठवड्यात साहेब आला. एव्हाना त्याला पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते. “दादा, गव्हात देश सावरला. आता डाळीत मार खातोय. यंदा हरभऱ्याचं नवं वाण आलंय. तुमच्याच कोपऱ्यात लावायचं.”

नंबरदादाला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. हरभऱ्याचं काम उलटं असतं. त्याला लाड चालत नाहीत. हलकी जमीन, जेमतेम ओल, की बुटका राहतो आणि घाट्यांनी, म्हणजे दाण्यांच्या शेंगांनी, लगडतो. खायला-प्यायला जास्त मिळालं की माजतो, नुसता पाला वाढतो, घाटे धरत नाहीत. गोठ्याच्या मातीत तर तो पार वाया जाणार. म्हणजे चार लोकांसमोर नंबरदादा आपटणार! फलक उतरणार, धाकट्याला कळणार की दादाच्या हातात काही नाही. त्याने त्या रात्री पोटभर जेवून बायकोला बेत सांगितला.

ती भांडी आवरत होती. म्हणाली, “एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? भाऊजींना आत्ताच जाऊन सरळ सांगा ना.”

“सांगून कुणी ऐकलंय आजवर? डोळ्यांनी दिसू दे.”

“आणि दिसेपर्यंत?”

तो अंथरूण घालू लागला. दिसेपर्यंत काय होणार होतं?

हरभरा उगवला आणि सुटलाच. गुडघ्याला लागला, मांडीला लागला. काळाभोर, पानांनी गच्च. जाणत्या माणसाने बघून कपाळाला हात लावावा असा. पण फलकाखाली उभा होता ना तो! साहेबाने वरच्या साहेबांना आणलं, त्यांनी आणखी कुणाला आणलं. गाड्यांच्या रांगा लागल्या. हरभऱ्यात उभं राहून फोटो निघाले, वर्तमानपत्रात छापून आले. गावातला एक म्हातारा फटकळपणे म्हणाला, “हा माजलाय.” त्याला साहेबानेच समजावलं, “आजोबा, नवं वाण आहे. जुने नियम विसरा.” नंबरदादा शेजारीच उभा होता. चार दिवस कळ काढली की सुटलोच, असं त्याने स्वतःला समजावलं.

धाकट्यानेही यंदा हरभराच पेरला होता. एक दिवस तो रानात जाता जाता थांबला. बराच वेळ हरभऱ्याकडे बघत राहिला. “दादा, पाणी किती दिलंस?”

“काही नाही रे. जे देतो तेच.”

“आणि खत?”

“खतही नाही टाकलं मुद्दाम.”

धाकटा हसला. “बरं, नको सांगूस,” म्हणाला आणि निघून गेला. नंबरदादाने हाक मारायला तोंड उघडलं, पण रस्त्यावर आणखी एक गाडी येऊन थांबली होती.

त्यानंतर धाकटा चहाला येईनासा झाला. रागावला असेल, मळणी झाली की आपोआप कळेल त्याला, असं म्हणत नंबरदादा एकटाच कप घेऊन बसायचा. ओढा ओलांडून तिकडे जावं, असं त्याला एकदा-दोनदा वाटलं. पण भावाच्या डोळ्याला डोळा द्यायचा तो मोकळा झाल्यावरच, असं त्याने मनाशी धरलं होतं.

कापणीचा दिवस आला. सवयीने खुंट्या कोपऱ्यातच पडल्या. कापलेल्या झाडांचा ढीग माणसाच्या छातीला लागला. झोडपलं, उफणलं, आणि खाली राहिला हरभरा जेमतेम एका टोपलीच्या तळाशी. नंबरदादाला इतकं हलकं वाटलं की तिथेच बसून हसावंसं वाटलं. साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“अळी,” साहेब म्हणाला. “घाटेअळीने खाल्लं.”

“कुठे आहे अळी? मला तर एक दिसली नाही.”

“पाखरू होऊन उडून गेली असेल,” साहेब म्हणाला, आणि खाली बघून कागदावर लिहू लागला. किडीने नुकसान, एरवी विक्रमी. मग गाडीत बसला आणि ओढ्याला वळसा घालून पलीकडच्या रस्त्याने निघून गेला.

लिहू दे काय लिहायचं ते. नंबरदादाला आता देशाशी कर्तव्य नव्हतं, भावाशी होतं. त्याने तो हरभरा उपरण्यात बांधला आणि ओढ्याकडे सुटला. साऱ्या शिवारात पीक पिवळं पडून कापायला आलेलं, काही ठिकाणी खळीही झालेली. ओढा चढून वर आला आणि त्याचे पाय जागीच थांबले.

धाकट्याचं अख्खं रान हिरवंगार होतं. कमरेला लागणारा, काळाभोर, पानांनी गच्च हरभरा. त्याने दोन-चार झाडं वाकवून पाहिली. घाटा औषधालाही नव्हता.

धाकटा बांधावर बसला होता. बायको नव्हती, माहेरी गेली होती. “ये दादा,” तो म्हणाला. “तुझ्यासारखा आला की नाही, बघ.”

“अरे, काय केलंस हे?”

“खत टाकलं. पाणी दिलं, रात्रंदिवस दिलं. म्हणून तर चहाला यायला झालं नाही.”

“हरभरा माजतो, तुला माहीत नाही? बाबा काय सांगायचे?”

“माहीत होतं.” धाकट्याच्या आवाजात राग नव्हता. “हरभऱ्याला उपाशी ठेवायचं, बाबा सांगायचे. पण तू वाढवतोयस म्हटल्यावर मला वाटलं, बाबांपेक्षा तुला जास्त कळतं.”

नंबरदादा त्याच्या शेजारी बांधावर बसला. मग त्याने सगळं सांगितलं. गोठा सांगितला, खुंट्या सांगितल्या, दर वर्षी हातोडी आपण मारली तेही सांगितलं. हरभरा पडावा म्हणूनच लावला, हे सांगताना त्याला रडू कोसळलं. उपरण्याची गाठ सोडून त्याने दाणे धाकट्याच्या पुढ्यात धरले. “हे बघ. एवढंच आलं माझं. शपथ घेऊन सांगतो, तुझ्यात काही कमी नाही. कधीच नव्हतं.”

धाकट्याने ते दाणे बोटांनी चाळवले. मग भावाच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी दादा त्याच्या पाठीवरून फिरवायचा तसा.

“साहेब आत्ताच गेले इथून,” तो म्हणाला. “तुझं अळीने खाल्लं, म्हणाले. वाईट झालं. पण मला बरं वाटावं म्हणून तू स्वतःला एवढं लहान करू नकोस, दादा. मंडपातही असंच बोलला होतास.”

“अरे, मी खरं सांगतोय रे!”

“असू दे. गोदामात उद्याच बोलावलंय मला. तेवढं रान पडीक ठेवू नकोस. इथून पुढे हे पण तूच कर. तुझ्या हाताखाली तरी पिकेल.” तो उठला, अंगावरची माती झटकली आणि दादाला हात देऊन उभं केलं. “करशील ना?”

नंबरदादाने कमरेएवढ्या हिरव्या रानाकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर भाऊ म्हणणार, माझी माती हातात धरायचीही लाज वाटते याला.

“करीन,” तो म्हणाला.