तिखटाचा आळ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. वसुधापाशी तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

बरखेड्याला, कारखान्याच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं, मी तिथेच इंजिनिअर. माझी बायको वसुधा इंदूरची. तिचा हात तिखटाला सढळ. लग्नाला वर्ष होतंय तोच मला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पुण्याहून आई आली आणि आल्या आल्या तिनं निकाल दिला — "हिच्या मिरच्यांनी माझ्या पोराचं आतडं जाळलं." वसुधा ताटं उचलू लागली. मी हात धुवायला उठलो.

दवाखान्यात त्या दोघी बाहेर बाकावर होत्या. आत डॉक्टर मला समजावत होते — कोलायटिस आहे. ज्या पांढऱ्या पेशींनी जंतूंशी लढायचं, त्याच तुमच्या आतड्याच्या अस्तरात शिरल्यात, आणि थांबत नाहीत. का, ते नक्की सांगता येत नाही. मी विचारलं, "बायकोच्या तिखटामुळे?" ते म्हणाले, "छे! तिचा काय दोष?"

बाहेर आलो. आई माझ्याकडे बघत होती — आणि मी म्हणालो, "तिखट बंद करायला सांगितलंय."

एवढंच. किती सोपं होतं ते, नाही?

वसुधानं घरात मिरची आणणं सोडलं. पुढे आई वारली तीही वसुधाला बोल लावतच. आमची मीरा अळणी वरणभातावर वाढली. लग्नाकार्यात वसुधा मीराच्या पानातली भाजी पाण्यानं धुऊन द्यायची. मी शेजारी जेवत असायचो.

मीरा कॉलेजात गेली आणि तिलाही हेच निघालं. वसुधा भिंतीला टेकून खाली बसली. "मी हिला तिखटाचा कणही लागू दिला नाही हो. मग कसं झालं?" म्हणजे इतकी वर्षं — पोरीला वाढताना रोज — ही माझं ते वाक्य धरून चालली होती?

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच डॉक्टरांना गाठलं. परत आली ती डोळे पुसत, पण — हसत होती! "अहो, जेवणानं होतच नाही हे. आपल्याच पांढऱ्या पेशी उलटतात म्हणे. तुमचंही माझ्यामुळे नव्हतं! तेव्हाच कुणी सांगितलं असतं, तर आईंना तरी…"

आता तरी बोलायचं की नाही?

मी म्हणालो, "तेव्हा कुठे कुणाला माहीत होतं."

तिनं मान डोलावली. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला — मलाच धीर द्यायला.