आईच्या नावावरचे शेअर

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की केबिन रोडवरचं ते टॅक्सवाल्याचं ऑफिस आठवतं. आयपीओच्या सोडतीत नवे शेअर लागायची शक्यता वाढावी म्हणून मी आईच्या नावानेही अर्ज भरायचो. तिने फक्त ओटीपी सांगायचा. त्या जुलैत तिचा रिटर्न भरायला तिलाही सोबत नेलं होतं. खालच्या फरसाणच्या दुकानातून तळणाचा वास येत होता, पंख्याने कागद उडत होते, आणि टॅक्सवाला तिच्या स्टेटमेंटवर पेन टेकवून विचारत होता, "ये पंपवाली कंपनी का शेअर कब लिया? बेचा भी है, फायदे में." मी माझी यादी तीनदा पाहिली. असा शेअर मी घेतलाच नव्हता. खातं हॅक झालं की मीच विसरलो, काही कळेना. पासवर्ड बदलायला मी मोबाइल काढला, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे. मी घेतलेला. गावच्या विहिरीवर तोच पंप आहे, कधी बिघडला नाही." "मला सांगायचं तरी." "माझ्या नावावर घेताना तू मला कधी विचारलंस?" टॅक्सवाला मान खाली घालून हसला. आजही तिचा रिटर्न मीच भरतो. शेवटी ओटीपी तिच्याच फोनवर येतो, आणि चष्मा लावून सगळं वाचल्याशिवाय ती तो सांगत नाही.