गेटवरचा चाफा आणि कुंडीतला चाफा

तण आणि किस्से, दोन्ही न पेरता वाढतात. तण निदान उपटता तरी येतं!

कोहमाऱ्याच्या चौकाजवळ उर्मिलाकाकूंची नर्सरी आहे. मी तिथे कामाला. गेटवर पांढऱ्या चाफ्याचं जुनं झाड. त्याच्या फांद्या कुंडीत लावायच्या आणि ‘इनडोअर’ म्हणून विकायच्या, हाच आमचा धंदा. पण रस्ता रुंद होणार म्हणून खोडावर लाल नंबर पडला. तेव्हापासून वजनदार गिऱ्हाईक दिसलं की काकू हात जोडायच्या, “साहेब, माहा चाफा तेवढा वाचवून द्या.”

*

नागझिऱ्याकडच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरने लॉबीसाठी दोन कुंड्या नेल्या. गेस्टला जंगलचा फील पाहिजे म्हणे! एसी सुरू, पडदे बंद. मग काकूंना फोन आला, “फुलं काऊन नाही येऊन राहिले?”

“उन्हात ठेवा ना.”

“उन्हात ठेवलं तर इनडोअर कायचं?”

काकूंनी गेटवरच्या झाडाचा विषय काढला, तर म्हणाला, “ते आमच्या लॉबीत येत नाही.”

*

गोंदियाच्या एका शेठाणीने ऐन थंडीत कुंडी परत आणली. “ये तो मर गया!”

मी म्हटलं, मेलं नाही, थंडीत पानं गाळून झोपतं.

“घर में शादी है, और ये सोएगा?”

कुंडी परत नेली, प्लास्टिकची फुलं बांधली आणि मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “आपसे अच्छा खिला!”

*

एका पुढाऱ्याला मात्र काकूंचं ऐकून भरून आलं. ते गाडीतून उतरले, खोडावर हात ठेवला, फोटो काढून घेतला. काकूंनी पंधरा दिवस वाट बघितली, मग स्वतः फोन केला.

“काकू, लई लाइक आले त्या फोटोला!”

काकूंनी फोन ठेवला आणि त्यांना भरपूर शिव्या दिल्या. मीही दिल्या.

*

झाड तोडलं त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. फांद्या रस्त्यावर पडलेल्या, त्यांतून चीक गळत होता. कामावरचे इंजिनीअर साहेब ऊन लागतं म्हणून आमच्या हिरव्या जाळीखाली आले. काकूंनी त्यांनाही पाणी दिलं.

“बाई, एका झाडाच्या बदल्यात पाच लावा लागते,” ते म्हणाले. “तुमच्याकडूनच घेतो. चाफाच द्या, इनडोअरवाला.”

“इनडोअर कायले? लावता कुठी?”

“ऑफिसात. बाहेर जागा कुठं हाय, बाई? तिथं तर रोड होऊन राहिला ना!”