फळीखालचं पातं

ताज्या व्हार्निशचा वास आला की मला दादरची चौपाटी आठवते. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, गिरण्या बंद होत्या, म्हणून थोरला भाऊ लाटांवर उभं राहायला स्वतः केलेली, ताजं व्हार्निश दिलेली लांब फळी घेऊन समुद्रात उतरला. तिच्या मागच्या टोकाखाली त्यानं हातभर लाकडी पातं ठोकलं होतं. फळी सरळ धावायची, पण वळता वळेना. "पातं लहान कर," मी तीनदा सांगितलं. "तुला काय कळतंय रे, गप," असं म्हणत तो थेट कोळ्यांच्या जाळ्यात घुसला. जाळं फाटलं, शिव्या मी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी वैतागून मीच करवतीनं पातं निम्मं कापलं. पहिल्याच लाटेवर फळी अलगद वळली. "बघ, मी म्हणत नव्हतो?" भाऊ म्हणाला. ती अक्कल तो अजूनही स्वतःची म्हणून सांगतो, आणि मी अजूनही चिडतो.