दहा झाल्या, पान उलट

“दहा झाल्या, पान उलट गं.”

हे वाक्य मी तीन वर्षं ऐकलं. कल्याणला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. आमचं म्हणजे काकूंचं. माझ्याबरोबर तिथे कामाला असलेली माझी मैत्रीण पोळ्या लाटायची, मी भाजायची. एक पोळी लाटली की ती ओट्यावर सांडलेल्या पिठात करंगळीने एक रेघ ओढायची. दहा रेघा झाल्या की पुसून टाकायची आणि मला हाक मारायची. तिचे दोन्ही हात कणकेचे, माझा डावा कोरडा. म्हणून पिठाच्या डब्याला टेकवलेल्या तिच्या पुस्तकाचं पान मी उलटायचं. दहा पोळ्यांत एक पान. अशी तिची बी.ए.ची दोन वर्षं पार पडली.

बारावी झाली आणि तिचं लग्न झालं. पुढे मुलगा कॉलेजात गेला, तेव्हा तिने बाहेरून शिकायला स्वतःचंही नाव घातलं. मोहन्याहून रिक्षाने यायची. काकू रोज विचारायच्या, “आलं का आमचं कॉलेज?”

“आलं, काकू. पहिला तास तुमचा. विषय कणीक.”

ती मोठ्याने वाचायची. अवघड काही आलं की माझ्याकडे बघून सोपं करायची. “मागणी आणि पुरवठा. घाबरू नको, श्रावणातल्या आपल्या पुरणपोळ्याच त्या.” मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण त्या ओट्याशी मी तिला प्रश्न विचारायची आणि ती कधी हसली नाही.

शेवटच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, तिचं बोलणं कमी झालं. रात्रभर झोप नाही म्हणायची. डब्यात आणलेलं तसंच परत न्यायची. एक दिवस मी तव्यावरून मान वर केली, तर ओटाभर रेघाच रेघा. ती लाटत होती, ओढत होती, पुसत नव्हती.

“अगं, दहा कधीच झाल्या ना?”

“माहीत नाही,” ती म्हणाली आणि अजून एक ओढली.

मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, हा आजार आहे, गोळ्यांनी आणि विश्रांतीने बरा होतो. परीक्षा यंदा नको, पुढच्या वर्षी द्या.

एवढं साधं होतं. पण लोकांनी ते साधं राहू दिलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ताप आला की कपाळावर पट्टी ठेवतात, आणि मन आजारी पडलं की तोंडाचा पट्टा सोडतात. तिचा नवरा म्हणाला, “दोन वर्षं घर डोक्यावर घेतलंस आणि आता पेपर आले तर फाटली?” काकू म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हतं हो हे मन-बिन. जास्त वाचलं की असंच होतं.” ज्या बाईने उभ्या आयुष्यात तिला दहा मिनिटं बसून वाचू दिलं नाही, ती म्हणते जास्त वाचलं!

एका दुपारी तिने मला विचारलं, “तू सांग. यंदा थांबू का? एकदा थांबले की हे लोक परत बसू देणार नाहीत. आणि बसले तर डोक्यात काही शिरत नाही.”

“मला काय कळतंय? मी चौथी शिकलेली.”

“तीन वर्षं माझं पान कोण उलटतंय?” ती म्हणाली आणि लाटायला लागली.

त्या चौथीमागे मी आयुष्यभर लपत आले. त्या दिवशी लपले त्याचा राग मला काकूंच्या रागापेक्षा जास्त येतो.

पुढे मी त्याहून मोठा मूर्खपणा केला. ती हाक मारेना, तेव्हा पोळ्या मीच मोजायला लागले. दहा झाल्या की आपणहून पान उलटायची. वाटलं, पानं पुढे गेली की अभ्यासही जाईल. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी तिने लाटणं आपटलं.

“उलटू नको! मागचं डोक्यात गेलं नाही आणि तू पुढे ढकलतेस. तू पण त्यांच्यातलीच!”

तवा धुरावला होता. मी गॅस बंद केला. पुस्तक मिटलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि फळीवर ठेवलं. “यंदा थांब,” मी म्हटलं. “पुढच्या वर्षी परत मीच काढून देईन.”

ती ओट्याला टेकून रडली. मग नाक पुसून म्हणाली, “डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन रीतसर सांगून येऊ. पळून गेल्यासारखं नको.”

अभ्यासकेंद्राच्या खिडकीतला माणूस म्हणाला, “अर्ज कशाला? आला नाहीत की आपोआप गैरहजर पडतं. पुढच्या वर्षी नव्याने फॉर्म भरा.”

“गैरहजर कशी? मी आजारी आहे. ही चिठ्ठी.”

त्याने वाचली आणि आवाज खाली आणला. “मॅडम, हे असलं कुठे दाखवत जाऊ नका.”

“पाय मोडला असता तर चिठ्ठी लपवायला सांगितली असती का?”

“तसा रकानाच नाही हो आमच्याकडे.”

“मग पाडा रकाना!” मागची रांग आमच्याकडे बघत होती. एरवी मी तिचा पदर ओढला असता. त्या दिवशी नाही ओढला.

ती खडवलीला भावाकडे गेली. गोळ्या चालू आहेत, झोप लागते, असं फोनवर सांगते. तिचा नवरा लोकांना सांगतो, सासूबाईंची तब्येत बरी नसते म्हणून पाठवलीय. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. मेलेल्या बाईला आजारी पाडलं, पण बायको आजारी आहे म्हणवेना.

आमच्याकडे हजेरीची वही खिळ्याला टांगलेली असते. तिच्या नावापुढे काकू रोज ‘गै.’ लिहायच्या. आठवडाभर मी बघितलं. मग वही काढली, सगळे ‘गै.’ एकेक करून खोडले आणि वर लिहिलं, आजारी.

“ही खाडाखोड कुणी केली?” काकूंनी विचारलं.

“मी.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तिला कावीळ झाली असती तर हेच लिहिलं असतंत ना?”

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तवाच बोलला.

आता रोज सकाळी मी आधी फळीवरच्या पिशवीवरचं पीठ झटकते. मग वही काढते आणि तिच्या नावापुढे माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिते, आजारी. काकू बघतात. बघू देत.