एकाच नाकपुडीचं पाणी

आमच्याबरोबर काम करणारा प्लंबर मिस्त्री चाळीस वर्षं गळत्या शोधत होता. नळाच्या सांध्याखाली कोरडा कागद धरून तो वाट बघायचा. त्याची सात वर्षांची नात पडली, डोक्याला मार लागला आणि पुढे दोन महिने तिचं नाक गळत राहिलं. घरचे म्हणाले, सर्दी आहे. मिस्त्रीने तिला वाकवून नाकाखाली कागद धरला. पाणी फक्त डावीकडून पडलं, तेही अगदी स्वच्छ.

"सूनबाई, ही सर्दी नाही, गळती आहे."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हे मेंदूभोवतीचं पाणी आहे. पडल्यामुळे कवटीच्या तळाला पडलेलं भोक बुजवलं नाही, तर संसर्ग मेंदूपर्यंत जाईल. त्यांनी नाकातूनच दुर्बीण घातली आणि तिच्याच मांडीतल्या पातळ पडद्याचं ठिगळ त्या भोकावर लावलं. कवटी उघडावी लागली नाही.

घरी आल्यावर नात म्हणाली, "आजोबा, वाकून चप्पल घालू?"

"वाकून तर बघ! सांधा अजून ओला आहे."

पाच आठवडे तिला चप्पल त्यानेच घातली. मग डॉक्टरांनी तिला वाकवलं. नाक कोरडं होतं.

"झालं, आजोबा," डॉक्टर मिस्त्रीला म्हणाले.

"एवढ्यात कुठे झालं? अजून पाच मिनिटं वाकू द्या."

डॉक्टर हसले, पण त्यांनी तिला वाकवून ठेवलं.