हळद कोणाची, हे विचारणारी वनिता

वनिता गेल्याचं मला तिच्या धाकट्या भावाने, जगदीशने, फोनवर सांगितलं. पण त्याआधीच मी तिला पडताना पाहिलं होतं. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एक छोटी क्लिप टाकलेली. हळदीच्या कार्यक्रमाचं स्टेज, पिवळं लुगडं, हातात माईक आणि गाता गाता गुडघ्यांतून मोडत खाली गेलेली वनिता. वर तिचंच गाणं चिकटवलेलं, ढोलकीचा ठेका बरोबर तिच्या पडण्यावर बसवलेला. चक्कर आली असेल म्हणून मी फोन लावायला घेतला, तेवढ्यात जगदीशचाच आला. "दादा, बाय गेली... डोक्यातली शीर फुटली म्हनं." आता महिना झाला. माणसं म्हणतात, काळ जाईल तसा राग निवळेल. मला तो निवळायला नको आहे.

आयोजक म्हणाले, लोकांना वाटलं अ‍ॅक्टिंग आहे. पहिल्या क्षणी वाटलंही असेल. पण ढोलकीवाला वाद्य टाकून धावत आला, तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी मागत राहिला, तेही लोकांनी टिपलंय. एकाही हातातला फोन खाली आला नाही. गाण्याच्या व्हिडिओला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, हे डोंबिवली-ठाण्याच्या या सगळ्या पट्ट्याला जिने शिकवलं, तिच्या मरणाचा असा तुकडा पाडला.

ती मोहन्याजवळच्या गावची, आगरी घरातली. वडील कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर घरीच. आई धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. आई विधी लावताना नवरीची अख्खी कहाणी गाऊन सांगायची आणि मांडवातल्या बायका डोळे पुसायच्या, ते वनिताने लहानपणापासून पाहिलेलं. डोंबिवलीत माझा एडिटिंगचा छोटा स्टुडिओ. लग्नाच्या कॅसेटी, मग अल्बमची गाणी. पहिल्यांदा ती स्वतःचं गाणं करायला आली तेव्हा मी तिला आमची हिट गाणी दाखवली. होडी, खाडी, पिवळ्या साड्यांतल्या दहा मुली, वरून ड्रोन. तिने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "सुहासदादा, यी हलद कोनाची हाय?"

"कोणाची म्हणजे? गाण्याची."

"गान्याला हलद लागत नाय. पोरीला लागते. तिचं नाव काय? तिचा बापूस कुठं हाय?"

त्या प्रश्नातून तिचा तो व्हिडिओ झाला. आंबिवलीकडे चित्रीकरण केलं. मांडवात हळद चाललीये आणि नवरीचा बाप गायब आहे. तो गेलाय त्याच्या विकलेल्या शेतावर, जिथे आता टॉवर उभे आहेत. हातात हळदीची वाटी. पहिला मान शेताला द्यायचा, ही त्याची रीत. गेटवरचा वॉचमन विचारतो, "कोणत्या फ्लॅटला जायचंय?" इथे वनिताने गाणं थांबवलं. संगीत नाही, ठेका नाही. बाप उत्तर शोधतोय... आणि मग वाटी गेटच्या पायाशी ठेवून तो परत फिरतो, तेव्हा लांबून गाण्याचं दुसरं कडवं ऐकू येतं. बाप तिच्या सख्ख्या काकांनी केला होता. त्यांची जमीनही तशीच गेलेली.

आमची गाणी बाजारात आणणाऱ्या ठाण्यातल्या कंपनीचे मालक ते बघून वैतागले. "बाई, लोक नाचायला बघतात. मध्येच गाणं बंद केलं तर मोबाईल बिघडला असं वाटेल." ती म्हणाली, "वाटूं द्या. जरा वेल वाटूं द्या." त्यांनी मान डोलावली आणि आम्हाला न विचारता बापाची सगळी दृश्यं काढून नुसता नाच बाजारात आणला. दिग्दर्शक म्हणून नाव दिलं स्वतःच्या पुतण्याचं, जो चित्रीकरणाला एकदा बिर्याणी घेऊन आलेला. वनिता रडली नाही, भांडलीही नाही. तिने पूर्ण व्हिडिओ स्वतःच्या चॅनलवर टाकला. तो गावागावांत पोचला. बायका एकमेकींना फोन करून सांगायच्या, मध्ये आवाज जातो, पण बंद करू नकोस, पुढे बघ.

त्यानंतर सगळ्यांनाच गोष्ट हवीशी झाली. आज विठ्ठलवाडीपासून ठाण्यापर्यंत कोणतंही हळदीचं गाणं लावा, सुरुवातीला एक बाप रडतो. का रडतो ते कोणी सांगत नाही. तिचा प्रश्न टाकून दिला, अश्रू तेवढे उचलले. ठाण्याच्या एका समारंभात तिला बोलावलं ते नाचायला, आणि त्याच व्हिडिओच्या दिग्दर्शनाचं बक्षीस पुतण्याने घेतलं. ती विंगेत घुंगरू बांधून उभी होती. मी संतापून निघूया म्हणालो, तर म्हणाली, "पोरी आल्यात माझ्यासंगं. त्यांचा नाच हाय. मी गेली तं त्या काय करतील?" आणि ती नाचली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

ती गेल्यावर छापून आलं, 'हळदीच्या गाण्यांची लाडकी गायिका'. लिहिणारी, दिग्दर्शन करणारी, असं एकानेही लिहिलं नाही. शोकसभेसाठी मालकांनी मला फोन केला. "दोन मिनिटांचं काहीतरी छान जोडून दे. तिचे नाचाचे शॉट घे." मी नाही म्हणालो. गावच्या समाजमंदिरात पूर्ण व्हिडिओ लावला. वॉचमनचा प्रश्न आला, आवाज थांबला, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "साउंड गेला वाटतं." तिची आई पुढे बसली होती. मागे न वळता म्हणाली, "गेला नाय. गप बसा आनि बगा."

माझ्या स्टुडिओत वनिताची एक सवय मागे राहिली आहे. कोणताही व्हिडिओ ती आधी मुका पाहायची. स्पीकर बंद करायची आणि म्हणायची, "गान्याबिगर गोष्ट कलली तं खरं." तिचं शेवटचं, अर्धवट काम माझ्याकडे आहे. मालक ते मागतायत. श्रद्धांजली म्हणून तुकडे करून सोडायचंय. मी फोन उचलत नाही. काल स्पीकर बंद करून ते पाहिलं. एक बाई बंद घराच्या ओट्यावर बसून कोणाची तरी वाट पाहते. सगळं कळतं. मग शॉट संपता संपता वनिता बाजूने चौकटीत येते, त्या बाईचा पदर नीट करते, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते. आवाज नाही, पण ओठ वाचता येतात.

परत घेऊ, म्हणतेय.